एक काहील, पाच घाणे

"दादा, माझी उचल दोनदा कापलीया."

मावशींनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली. संध्याकाळ कलली होती. चुलवणातला जाळ शांत होत आला होता आणि गुऱ्हाळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठवड्याचा पगार वाटणे चालू होते. मावशींचा आठवड्याचा पगार ३,३०० रुपये. दिवाळीच्या आधी घेतलेल्या उचलीचा हप्ता ५०० रुपये. म्हणजे हातात यायला हवे होते २,८००. चिठ्ठीवर छापले होते २,३००.

चिठ्ठी संगणकाने छापली होती आणि संगणकाला ती छापायला शिकवणारा मी होतो. म्हणजे तसे म्हणायलाही जीभ जरा अडखळते, कारण त्या कार्यक्रमातली एकही ओळ मी स्वतःच्या हाताने लिहिली नव्हती. ती लिहिली होती पाच 'एजंटां'नी. पाचही एकाच वेळी कामाला लागलेले, पाचही न थकणारे, आणि पाचांनीही रविवारी रात्री मला कळवलेले : काम पूर्ण, सर्व चाचण्या यशस्वी.

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, की यवतनंतर आणि केडगावच्या आधी खुटबाव लागते. उसाचा मुलूख. दौंड तालुक्याच्या या पट्ट्यात कारखान्यांइतकीच गुऱ्हाळांचीही वर्दळ आहे. थंडीच्या दिवसांत गाडीच्या खिडकीतून धुराच्या रेघा दिसतात आणि उकळत्या रसाचा वास डब्यात शिरतो. आमच्या चुलत्यांचे, म्हणजे तात्यांचे, असेच एक गुऱ्हाळ आहे. मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुटी मिळाली की गावी येतो. तात्यांचा सगळा हिशेब लाल कापडी बांधणीच्या वहीत. उसाच्या खेपा, हजेरी, उचल, ढेपा, सगळे त्या एका वहीत आणि तात्यांच्या डोक्यात. "हे सगळं मी तुम्हाला दोन दिवसांत फोनवर आणून देतो," असे मी गेल्या हिवाळ्यात मोठ्या ऐटीत सांगितले. त्या दोन दिवसांची ही गोष्ट.

एजंट म्हटले की आपल्याकडे विम्याचा एजंट किंवा जमिनीचा दलाल डोळ्यांपुढे येतो. हा एजंट वेगळा. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारे यंत्र घराघरांत पोचले. पण ते यंत्र बोलके होते, कामकरी नव्हते. ते कोड लिहून देई, पण तो उचलून संगणकात टाकणे, चालवून पाहणे, चुकला तर पुन्हा विचारणे ही सगळी हमाली माणसाची. पुढे ही हमालीही यंत्राकडे गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीचे 'क्लॉड कोड' आले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ओपनएआयचे 'कोडेक्स'. यांना काम सांगायचे आणि बाजूला व्हायचे. ते स्वतः फायली उघडून वाचतात, कोड लिहितात, चालवून पाहतात, चूक दिसली की दुरुस्त करतात आणि शेवटी 'झाले' म्हणून निरोप देतात. त्याला पाच मिनिटे लागतात, कधी अर्धा तास.

आता या अर्ध्या तासात माणसाने काय करायचे? चहा एकदा होतो, दोनदा होतो. मग मनात येते, एक एजंट तिकडे राबतोच आहे, तर इकडे दुसरा लावला तर? मग तिसरा. जगभरच्या प्रोग्रामरांना हा मोह झाला आहे.

मोहाला साधनेही हाताशी आहेत. दोन माणसे एकाच फायलीवर एकाच वेळी लिहू लागली तर एकाचे लिखाण दुसरा पुसून टाकतो. हा प्रश्न जुना आहे. त्यावर लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये 'गिट' नावाची व्यवस्था केली आणि आज जवळपास सगळे सॉफ्टवेअर तिच्यावर उभे आहे. २०१५ पासून गिटमध्ये अशी सोय आहे, की एकाच कामाचे अनेक वाफे पाडता येतात. प्रत्येकाने आपापल्या वाफ्यात खुरपायचे आणि शेवटी बांध फोडून सगळे एक करायचे. एका ओळीवर दोघांनी वेगवेगळे लिहिले असेल, तर गिट तिथे थांबते आणि माणसाला विचारते.

मी पाच वाफे पाडले. पहिल्या एजंटाला उसाच्या वजनाची नोंद, दुसऱ्याला मजुरांची हजेरी, तिसऱ्याला उचल आणि तिचे हप्ते, चौथ्याला पगाराची चिठ्ठी, पाचव्याला गुळाच्या ढेपा आणि विक्री. शनिवारी सकाळी प्रत्येकाला चार-चार ओळींत काम सांगितले आणि ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलो. खरे सांगतो, असे सुख नोकरीत कधी मिळाले नव्हते. पाच खिडक्या, पाचांत भराभर ओळी उमटताहेत. एकाला होकार द्या, दुसऱ्याला शंका समजावून सांगा, तिसऱ्याला पुढचे काम द्या. जेवायला आईने तीन हाका मारल्या. मुकादम झाल्यासारखे वाटत होते.

रविवारी संध्याकाळी सगळे वाफे एकत्र केले. गिट कुठेही अडले नाही. अडेल कसे? प्रत्येकाने स्वतंत्र फायलीत लिहिले होते. हजारो ओळी तयार झाल्या होत्या. त्या मी वाचल्या का? वरवर वाचल्या. रात्री दहा वाजता, पाच खिडक्यांमधून दोन दिवस डोळे फिरवून झाल्यावर माणूस जसे वाचतो, तशा.

चूक कुठे होती, ते शोधायला मला दहा मिनिटेसुद्धा लागली नाहीत, म्हणून तर ती जास्त लागली. तिसऱ्या एजंटाने उचलीचा हप्ता मजुराच्या देण्यातून वजा करून उरलेली रक्कम नोंदवली होती. त्याच्या दृष्टीने ते त्याचेच काम होते. चौथ्या एजंटाने ती रक्कम उचलली, तिला पूर्ण पगार समजला आणि चिठ्ठी छापताना हप्ता पुन्हा वजा केला. त्याच्याही दृष्टीने ते त्याचेच काम होते. दोघांनी आपापल्या चाचण्या लिहिल्या, आपापल्या समजुतीप्रमाणे आकडे घातले आणि दोघेही उत्तीर्ण झाले. अकरा माणसांपैकी सात जणांवर उचल होती. त्या सातही चिठ्ठ्या चुकल्या. उरलेल्या चार बरोबर होत्या आणि नेमक्या त्यांतल्याच दोन मी आधी तपासून पाहिल्या होत्या.

दोघांपैकी कोणाला दोष देणार? हप्ता कोणी कापायचा, हे मी कोणालाच सांगितले नव्हते. वाफे पाडले, पण पाणी कोणत्या वाफ्यातून कोणत्या वाफ्यात जाणार, हे ठरवलेच नव्हते. शब्दांवर शब्द आदळला तर गिट सांगते. समजुतीवर समजूत आदळली, तर ते कोण सांगणार?

तात्यांनी सातही जणांना वहीप्रमाणे पैसे दिले. मला काही बोलले नाहीत. रात्री शेकोटीशी बसलो तेव्हा म्हणाले, "आरं, उद्या मी आणखी चार घाणे आणून लावले तर गूळ पाचपट व्हईल का?"

"नाही होणार."

"का?"

"काहील एकच आहे."

"आन् गुळव्याबी एकच हाय," तात्या म्हणाले.

ज्यांनी गुऱ्हाळ जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. घाण्यात ऊस पिळून रस काढणे हे दिसायला मोठे काम, पण ते वाढवता येते. रस काहिलीत गेला की मात्र त्याला त्याचा वेळ लागतो. भेंडीचे पाणी घालून मळी वर आणायची, ती काढत राहायची, जाळ कमी-जास्त करायचा. पाक ११८ अंशांच्या आसपास आला, की गुळव्या थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळून पाहतो आणि 'उतरवा' म्हणतो. तो क्षण चुकला, तर सगळ्या काहिलीचा माल बिघडतो. घाणे वाढवले तर रस नुसता साठून राहील. साठलेला रस आंबतो आणि आंबलेल्या रसाचा गूळ धड धरत नाही.

माझे तेच झाले होते. पाच घाण्यांचा रस एका काहिलीत ओतला होता आणि गुळव्या पेंगत होता.

तात्यांनी शेकोटीशी सांगितले ते संगणकाच्या जगात दोन माणसांनी फार पूर्वी सांगून ठेवले आहे. आयबीएममधील संगणक-रचनाकार जीन अ‍ॅम्डाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले, की कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच शेवटी वेगाची मर्यादा ठरवतो. कामाचा एक चतुर्थांश भाग एकानेच करायचा असेल, तर बाकीच्यावर शंभर यंत्रे लावा की हजार, एकूण काम चौपटीपेक्षा जलद होणार नाही. दुसरे फ्रेडरिक ब्रुक्स. त्यांनी आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केले आणि त्या अनुभवावर १९७५ मध्ये लिहिलेले त्यांचे पुस्तक आजही वाचले जाते. त्यांचा निष्कर्ष असा, की रखडलेल्या सॉफ्टवेअरवर आणखी माणसे लावली तर ते आणखी रखडते. कारण माणसे वाढली की त्यांच्यातले बोलणे वाढते. तिघांत तीन जोड्या होतात, पाचांत दहा, दहांत पंचेचाळीस. माझ्या पाच एजंटांत दहा जोड्या होत्या. त्या दहांपैकी एकाही जोडीत बोलणे झाले नव्हते. मी ब्रुक्सच्या कचाट्यातून सुटलो असे समजत होतो, प्रत्यक्षात त्याचे बिल तेवढे पुढे ढकलले होते.

आपण जलद काम करतो आहोत ही भावनाही किती फसवी असते, याचा एक प्रयोग झाला आहे. एमईटीआर या अमेरिकी संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी प्रोग्रामरांना त्यांच्याच ओळखीच्या प्रकल्पांतली २४६ कामे दिली. काही एआयच्या मदतीने करायची, काही तिच्याविना. कामे झाल्यावर ही मंडळी म्हणाली, एआयमुळे आमचा वीस टक्के वेळ वाचला. घड्याळ म्हणाले, एकोणीस टक्के जास्त लागला. ती साधने २०२५ च्या सुरुवातीची होती आणि त्यानंतर ती बरीच सुधारली आहेत, हे खरे. पण मन आणि घड्याळ यांच्यातले ते अंतर मला ओसरीवरच्या त्या सुखाची आठवण करून देते.

मग अनेक एजंट एकत्र लावूच नयेत का? तसे नाही. फेब्रुवारी २०२६ मध्ये अँथ्रॉपिकच्या निकोलस कार्लिनी या संशोधकाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने १६ एजंटांना मिळून एक 'कंपायलर' लिहायला लावला. माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा हा कार्यक्रम. लिहायला अवघड, तज्ज्ञांचे काम. सुमारे वीस हजार डॉलर खर्चून त्यांनी जवळपास एक लाख ओळींचा कंपायलर उभा केला. यात मला महत्त्वाची वाटली ती कामाची वाटणी. एखादे काम हाती घेताना एजंटाने त्या नावाची चिठ्ठी एका ठरलेल्या जागी ठेवायची. चिठ्ठी दिसली की दुसऱ्याने त्या कामाला हात लावायचा नाही. रेल्वेच्या एकेरी मार्गावर पूर्वी ड्रायव्हरला वेताच्या कडीत अडकवलेले टोकन देत. ज्याच्या हाती टोकन, त्याचीच गाडी पुढे जाणार. तोच हा नियम.

आणि तरीही एका ठिकाणी सोळाही जण अडकले. लिनक्स हे अवाढव्य सॉफ्टवेअर त्या कंपायलरमधून काढायची वेळ आली तेव्हा ते एकच अखंड काम होऊन बसले. प्रत्येक एजंट त्याच चुकीपाशी पोचे, तीच दुरुस्त करी आणि दुसऱ्याचे लिखाण पुसून टाकी. सोळा असूनही एकच असल्यासारखे. सुटका झाली ती एका जुन्या, खात्रीच्या कंपायलरला साक्षीला बसवल्यावर. बहुतेक फायली जुन्याकडून करून घ्यायच्या, थोड्याच नव्याकडून, आणि बिघाड कोणत्या फायलीत आहे ते पाहायचे. मग प्रत्येकाला वेगळी चूक सापडू लागली. धडा असा, की पुष्कळ हात कामाला लावायचे, तर काम खरोखर वाटता येईल असे असावे लागते, आणि बरोबर काय हे सांगणारा एक साक्षीदार लागतो.

हे वाचताना मला आपल्या पुण्यातलेच एक काम आठवले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली आणि ती पुरी झाली १९६६ मध्ये. देशभरातून १,२५९ हस्तलिखिते मिळवली गेली. वेगवेगळ्या लिप्यांतली, एकमेकांशी न जुळणारी. त्यांचे पाठ ताडून पाहायचे काम पुण्यात चाले, तसेच शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही. तक्त्यावर वर श्लोक लिहायचा आणि खाली एकेका हस्तलिखितातला फरक अक्षराअक्षराने नोंदवायचा. पर्वे वेगवेगळ्या विद्वानांकडे वाटलेली. विराटपर्व रघुवीरांकडे, तर सभापर्व अमेरिकेतल्या फ्रँकलिन एजर्टन यांच्याकडे. आमच्या भाषेत बोलायचे तर अनेक वाफे, अनेक हात, एकाच वेळी चाललेले काम.

ते एकसंध कशामुळे राहिले? विष्णु सीताराम सुकथनकर हे १९२५ पासून प्रधान संपादक होते. पाठ कसा निवडायचा, शंका कुठे दाखवायची, कोणत्या परंपरेच्या हस्तलिखिताला किती वजन द्यायचे, याचे नियम त्यांनी घालून दिले आणि १९३३ मध्ये आदिपर्वाच्या प्रस्तावनेत ते सविस्तर मांडले. १९४३ मध्ये सुकथनकर गेले. काम पुढे तेवीस वर्षे चालले आणि तडीस गेले, कारण नियम एका माणसाच्या डोक्यात नव्हते, कागदावर होते. तात्यांच्या गुऱ्हाळाचे नियम तात्यांच्या डोक्यात होते आणि माझ्या कार्यक्रमाचे माझ्या. मी ते चार-चार ओळींत उरकले होते.

पुढच्या सुटीत मी पुन्हा ओसरीवर बसलो. या वेळी पहिला दिवस एकही एजंट चालू केला नाही. तात्यांना शेजारी बसवले आणि विचारत गेलो. पगार म्हणजे काय? उचल कापण्याआधीचा की नंतरचा? आठवडा कोणत्या वारी संपतो? एखादा अर्धा दिवस आला तर? हप्ता मोठा आणि पगार लहान, असा आठवडा आला तर? या शेवटच्या प्रश्नाला तात्या थोडे थांबले. "तवा हप्ता पुढं ढकलायचा. माणूस रिकाम्या हातानं घरी जाता कामा नये." हा नियम त्यांच्या वहीत कुठेच लिहिलेला नव्हता. पाच एजंटांपैकी एकानेही तो विचारला नव्हता, आणि मीही नाही. दीड पानाचा कागद तयार झाला. त्यात ठळक लिहिले, की हप्ता एकाच ठिकाणी कापला जाईल, दुसरीकडे कोणीही त्याला हात लावणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाचांऐवजी तीन एजंट लावले, कारण तिघांचेच काम मला नीट वाचता येते हे आता कळले होते. प्रत्येकाला तो कागद आधी वाचायला दिला. एकाचे काम वाचून पसंत पडल्याशिवाय त्याला पुढचे द्यायचे नाही, हा नियम स्वतःला घातला. आणि साक्षीदार म्हणून तात्यांची लाल वही घेतली. मागच्या आठ आठवड्यांची हजेरी आणि उचल वहीतून उतरवून कार्यक्रमात भरली आणि प्रत्येक चिठ्ठी वहीतल्या आकड्याशी रुपयारुपयाने ताडली. दोन ठिकाणी फरक निघाला. एक चूक कार्यक्रमाची होती. दुसरी वहीची. तात्यांनी ती तीनदा मोजून पाहिली, चष्मा पुसला आणि त्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून साठ रुपये दिले.

पुणे जिल्ह्यात आता असे घर विरळाच, ज्यातला मुलगा, मुलगी, सून किंवा भाचा हिंजवडीच्या, खराडीच्या नाहीतर मगरपट्ट्याच्या वाटेला नाही. ही यंत्रे आमच्या मुलांच्या नोकऱ्या खाणार का, असे मला गावात हटकून विचारतात. छातीठोक उत्तर माझ्यापाशी नाही. ऊस पिळण्याचे काम यंत्राकडे चालले आहे, हे उघड आहे. पाक कधी उतरवायचा हे ओळखणारा माणूस अजून लागतो, हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगू शकतो. पण मला काळजी वेगळीच आहे. आमचा गुळव्या जन्मतः गुळव्या नव्हता. कित्येक वर्षे त्याने चुलवणाला जाळ घातला, मळी काढली, काहिलीशेजारी उभा राहून वास आणि रंग ओळखायला शिकला. मीही नोकरीच्या पहिल्या तीन वर्षांत इतरांच्या बारीकसारीक चुकाच दुरुस्त करत होतो. त्या कंटाळवाण्या कामातूनच, चिठ्ठी पाहिल्यावर दहा मिनिटांत चूक सापडण्याची नजर आली. आता ते जाळ घालण्याचे काम एजंट करणार असतील, तर पुढचा गुळव्या कुठे तयार होणार? हा प्रश्न कंपन्यांनी आणि कॉलेजांनी आजच विचारात घ्यायला हवा. दहा वर्षांनी काहील उकळत असेल आणि उतरवा म्हणणारे कोणी नसेल.

परवा पुन्हा पगाराच्या दिवशी गावी होतो. चिठ्ठ्या छापून झाल्या. मावशींनी आपली चिठ्ठी घेतली, दिव्याखाली नेली आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचला. पगार, हप्ता, हाती. मग पैसे मोजले.

"बराबर हाय का, मावशी?" मी विचारले.

"हाय," त्या म्हणाल्या. "पर मी दर वेळी बघनार."

तात्या वहीत आकडा मांडत होते. वही त्यांनी अजून बंद केलेली नाही. मीही त्यांना तसे सुचवलेले नाही.